आसरांचं कुंटं

उन्हाळ्यानं त्या वर्षी हुणसेकट्ट्याचा पार घसा कोरडा केला. गल्लीतल्या बोअरनं आधी लाल गढूळ पाणी दिलं, मग नुसतीच खरखर दिली, आणि शेवटी तीही बंद झाली. टंचाई आली की टँकरवाल्याची चंगळ, असं लोकांना वाटतं. अहो, पण टँकर भरायलासुद्धा पाणी लागतं की! सयाजी टँकर चालवायचा; त्याच्या मालकाच्या सगळ्या बोअरींनी माना टाकल्या, टँकर शेडमध्ये जाऊन उभा राहिला, आणि सयाजी दाराशी खाटेवर आडवा झाला. दिवसभर कूस बदलायचा आणि कुणी हाक मारली की उगाच खेकसायचा.

घर चालत होतं ते त्याच्या बायकोवर, सोयरावर. आणि सोयरा जे काम करत होती ते चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

हुणसेकट्टे हे कधीकाळी गाव होतं. आता इलेक्ट्रॉनिक सिटीकडं जाणाऱ्या उंच रस्त्यावरून खाली बघितलं तर इमारतींच्या मधे चिंचेचं एक झाड आणि त्याला लागून पत्र्यांची एक रांग दिसते, तेवढंच काय ते गाव राहिलंय. ती रांग म्हणजे मराठ्यांची गल्ली. कुठल्याशा फौजेबरोबर यांचे पूर्वज इकडं आले आणि इकडचेच झाले. बोलण्यात निम्मं कानडी शिरलं, पण पीळ पुरा राहिला. घरात खायला नसलं तरी चालेल, भिंतीवर तलवार पाहिजे.

गल्लीच्या टोकाला चिंचेखाली कुंटं होतं. कुंटं म्हणजे लहानसं तळं. त्याच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड, साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. कानडी शेजारणीही त्यांना हात जोडून पुढं जायच्या. सोयराची सासू सकवारबाई लग्न होऊन आली ती आधी या कुंट्यावर ओली झाली, मग घराचा उंबरा ओलांडला. दर वर्षी चैत्रातल्या मंगळवारी घरातल्या सुनेनं कुंट्यातून कळशी भरायची, सासूनं त्यातली ओंजळ प्यायची आणि त्याच पाण्यात आसरांचा दहीभात शिजवायचा, असा त्यांचा कुळाचार. पुढं भोवताली लेआउट पडले, इमारती उठल्या आणि प्रत्येकानं आपलं गटार गुपचूप कुंट्यात सोडून दिलं. पाणी काळं पडलं. वर फेस आला. आसरा गाळात बुडाल्या, आणि सोयरा सून म्हणून आली तेव्हा कुळाचार बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिच्या हातानं कळशी कधी भरलीच नाही. सकवारबाई ते बोलून दाखवायची. "माझी सून नावाची सून. कळशी न भरलेली," म्हणायची.

मग इमारतीतल्या लोकांनी कुंट्याचं नशीब काढलं. लेआउटच्या असोसिएशनची नीलिमा मॅडम म्हणून पुण्याची एक बाई होती. कंप्यूटरवर काम करायची, पण या कामात पदर खोचून उतरली. गाळ निघाला. इमारतीचं आणि गल्लीचं सगळं सांडपाणी जमिनीखालच्या टाकीत घेतलं, टाकीतून खडीच्या वाफ्यात, वाफ्यात कर्दळी आणि बोरू लावले, आणि त्यांच्या मुळांतून झिरपलेलं पाणी शेवटी कुंट्यात. टाकीच्या वर फरशी घालून ऐसपैस कट्टा केला. बाकडी आली, पोरांना घसरगुंडी आली. गल्लीतल्या बायका संध्याकाळी तिथं शेंगा सोलत बसायला लागल्या. गाळात सापडलेले सात दगड नीलिमा मॅडमनी स्वतः धुऊन काठावर ओळीनं मांडले. चांगली बाई. मनात काही नव्हतं तिच्या.

त्या प्लँटवर सोयरा कामाला होती.

सकाळी उजाडलं की ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायची, हातमोजे घालायची आणि टाकीच्या तोंडाशी उतरायची. तिथं लोखंडी जाळी. जाळीला रात्रभरात काय काय येऊन अडकायचं ते विचारू नका. केसांचे पुंजके, चिंध्या, पिशव्या, बायकांचे बोळे, कधी लेकराची चड्डी. ती दाताळ्यानं ओढून काढायची, डब्यात भरायची. वाकून वाकून कंबर धरायची. मोज्यांतून पाणी आत जायचंच, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलल्या होत्या. मग वाफ्यातली वाळली कर्दळ कापायची, खडीवरचं शेवाळ खरवडायचं, कट्टा झाडायचा. सुरुवातीला भडभडून यायचं. हळूहळू नाकच मेलं. आता कशालाच वास येत नव्हता, ना टाकीला, ना मोगऱ्याला.

काम लागलं त्या दिवशी नीलिमा मॅडमनी तिला बजावून सांगितलं होतं. "सोयराताई, हे पाणी झाडांना, फ्लशला, गाडी धुवायला. दिसायला एकदम क्लिअर आहे, पण तोंडात नाही घ्यायचं हं. जंतू राहतात." इंग्रजीत आणि कानडीत तशी पाटीही ठोकली होती.

घरी आलं की वेगळीच तऱ्हा. सकवारबाई दारात काठी घेऊन बसलेली असायची. "मागनं ये. मागनं." मग सोयरानं मागच्या पडवीत उभ्यानं अंगावर दोन तांबे घ्यायचे, लुगडं बदलायचं, तेव्हा घरात पाऊल. दोन तांबे म्हणजे त्या उन्हाळ्यात काय चैन होती! बाहेरचा टँकर आला तर गल्लीत घागरींची मारामारी, आणि इथं दोन तांबे नुसते विटाळावर ओतायचे. बरं, एवढं करून तरी निभावलं असतं. पण सकवारबाई तिच्या हातचं पाणी घेत नव्हती. भाकरी खायची, कारण भाकरीला आग लागलेली असते म्हणे. पाणी मात्र नाही. म्हातारी स्वतः उठायची, भिंतीला धरत माठापाशी जायची, थरथरत्या हातानं तांब्या बुडवायची. निम्मं पाणी लुगड्यावर. सोयरा तिथंच उभी असायची, हात रिकामे, आणि तिला तो तांब्या धरायची मुभा नव्हती.

एकदा तो तांब्या म्हातारीच्या हातातून सुटला. सगळं पाणी जमिनीवर.

"द्या इकडं, आत्याबाई. मी देते."

"बेडा. नको. तू घाण उपसतेस."

सयाजी खाटेवरून म्हणाला, "राहू दे गे, कशाला वाढवतेस." हे त्याचं नेहमीचं. त्याच्या खाण्यात सोयराची कमाई होती, पण आईपुढं तोंड उघडायची हिंमत नव्हती.

सोयराचं डोकं फिरलं. किती दिवसांचं साठलेलं कोण जाणे! "मी घाण नाही उपसत," ती म्हणाली. "घाणीचं पाणी करते मी. तुमच्या आसरांच्या कुंट्यात पाणी आलंय परत. खालचा गोटा दिसतो, इतकं नितळ. जाऊन बघा तरी. घाण म्हणे!"

म्हातारीनं मान वर केली. "देवाला चालेल असलं?"

"चालेल."

"पिण्याजोगं?"

इथं गप्प बसली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण सासूच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं, आणि तसलं काही सोयरानं त्या डोळ्यांत आपल्यासाठी कधी बघितलं नव्हतं. "न प्यायला काय झालं?" ती म्हणाली. "नीलिमा मॅडम पितात की. माझ्यासमोर."

दुसऱ्याच दिवशी सकवारबाई काठी टेकत, सयाजीचा खांदा धरून कुंट्यावर आली. कट्ट्यावर बसली. पाण्यात चिंचेची सावली पडली होती आणि एक खंड्या वाकून बघत होता. म्हातारीनं दगडांना हात लावला, एकेकीचं नाव घेतलं. मग पदर तोंडाला लावून मुसमुसून रडली. शेजारची कृष्णाबाई धावत आली, "काय झालं गे अक्का?" तर म्हणते, "आल्या गे माझ्या पोरी. माघारी आल्या."

सोयरा वाफ्यात विळा घेऊन उभी होती. तिला बरंही वाटलं आणि आपण काय बोलून बसलो तेही आठवलं.

संध्याकाळी म्हातारीनं माठाकडं बोट केलं. "सोयरे, तांब्या दे."

सोयरानं तांब्या भरून दिला. म्हातारी घटाघटा प्यायली. तोंड पुसलं आणि म्हणाली, "येत्या मंगळवारी कळशी भरायची. तू भरायचीस. गल्लीला सांगून ये."

काय करणार होती सोयरा? खरं सांगावं म्हणून ती दोनदा सासूच्या खाटेपाशी गेली. एकदा म्हातारी खण निवडत बसली होती, हिरवा की पिवळा म्हणून विचारायला लागली. दुसऱ्यांदा म्हणाली, "पाठ चोळ स्वल्प." इतक्या वर्षांत सासूनं तिला अंगाला हात लावू दिला नव्हता. सोयरानं पाठ चोळली. म्हातारीच्या पाठीची हाडं बोटांना लागत होती. सांगायचं ते राहूनच गेलं.

मग तिनं आपल्या परीनं तोड काढली. दुकानातून कॅनचं पाणी आणलं आणि मंगळवारी सकाळी अवजारांच्या खोलीत बसून कळशी काठोकाठ भरून ठेवली. वर आंब्याचा डहाळा आणि फडकं. कुंट्यात उतरायचं, कळशी पाण्याला टेकवल्यासारखं करायचं आणि वर यायचं. देवाला काय, मनातलं कळतं. आणि माणसांना कळायचं कारण नाही. पाटीवर तिनं झेंडूचं तोरण सोडलं. शोभेला म्हणून.

सारी गल्ली जमली. इमारतीतलेही चार लोक आले. नीलिमा मॅडम मोरपंखी साडी नेसून फोटो काढत होत्या. "किती छान ना! हेच तर पाहिजे होतं आपल्याला. लोकांचं पाणी, लोकांचा कट्टा. वॉव, आजी, इकडे बघा!" पाटीवरचं तोरण त्यांनीच जरा सारखं करून दिलं.

सोयरा कळशी कडेवर घेऊन पायरी उतरायला लागली, तोच सकवारबाई काठावरून म्हणाली, "अगे, आधी पालथी कर."

"काय?"

"कळशी आसरांना पालथी करून दाखवायची. रिकामी आलेय, भरून द्या, असं म्हणायचं. ठाऊक नाही तुला? कसं असणार! कधी भरलीस?"

सगळ्या बायका बघत होत्या. तिनं डहाळा काढला, फडकं काढलं आणि कळशी पालथी केली. भडाभडा पाणी पायरीवरून खाली गेलं.

"अय्यो, एवढं पाणी!" कृष्णाबाई कळवळली. "कुठनं आणलं होतंस गे?"

"खळबळून धुतलीन," सकवारबाई कौतुकानं म्हणाली. "सरी, सरी, बरोबर केलंस. देवीचं काम आहे, पाण्याकडं बघून चालतंय? बुडव आता."

सोयरानं कळशी बुडवली. पाणी खरंच नितळ होतं. हातात घेतलं तर काचेसारखं. कळशीनं डुबडुब करून पोट भरून घेतलं आणि ती वर आली. सोयराला वाटलं, एवढ्यानं काय होतंय? एक ओंजळ. इतकी माणसं कसलं कसलं पाणी पितात. भात शिजवल्यावर तर काहीच राहत नाही. असं मनाशी घोकत तिनं सासूच्या ओंजळीत धार धरली.

सकवारबाईनं ओंजळ तोंडाला लावली. क्षणभर थांबली. सोयराच्या तोंडाकडं बघितलं. मग डोळे मिटून सगळी ओंजळ प्यायली आणि दुसरी मागितली.

बाकीच्या बायकांनी थेंब थेंब डोळ्यांना लावला. कुणी प्यायलं नाही, नशीब. घरी आल्यावर सोयरानं पहिलं काय केलं असेल तर देव्हाऱ्यातली कळशी मोरीत रिकामी केली आणि माठातल्या पाण्यानं भरून ठेवली. रात्री म्हातारीनं गल्लीभर ऐकू जाईल असं सयाजीला सांगितलं, "माझ्या सुनेनं कळशी भरली बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून म्हातारीला ढाळ लागले. मग उलट्या. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले, ओठांना पापुद्रे आले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. सयाजीनं रिक्षा आणली आणि दोघांनी तिची मोटली करून दवाखान्यात नेली. लुगडी भरत होती, सोयरा बदलत होती, धुवत होती. त्या घाणीला मात्र म्हातारीनं काही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची शक्तीच नव्हती.

सलाईन लावता लावता डॉक्टरनं विचारलं, "पाणी कुठलं पितात?"

सयाजीनं बायकोकडं बघितलं. म्हातारीनंही डोळे किलकिले करून तिच्याकडंच बघितलं. सोयराला ते नंतर कितीदा आठवलं.

"टँकरचं," सोयरा म्हणाली.

"सगळे तेच सांगतायत," डॉक्टर म्हणाला. "उकळून प्या."

म्हातारीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

घरी आली ती निम्मी होऊन. पेज भरवावी लागत होती. पण सोयरा वाटी घेऊन जवळ गेली की ओठ मिटून घ्यायची. सयाजीनं भरवलं तर खायची. शेजारपाजारच्या बायका समाचाराला यायच्या, आणि त्यांच्यापुढं सकवारबाई पडल्या पडल्या सांगायची, "देवीचं पाणी कधी बाधतं का गे? हाताचा दोष. गटारातला हात कळशीला लागला. माझंच चुकलं, मीच भरायला लावलं."

सोयरा चुलीपाशी बसून ऐकत होती. उठून ओरडावंसं वाटत होतं, हाताचा दोष नाही, पाण्याचाच आहे! पण तसं म्हटलं तर आपण खोटं बोललो हे आलं. प्लँटवर बालंट आलं. असोसिएशन म्हणेल, कामवालीनंच पाणी पाजलं. मग काम गेलं, आणि सयाजी तर असा पडलेला. आणि नाही म्हटलं तर जन्मभर हा हात घेऊन वावरायचं. तिनं तोंडात पदर कोंबला आणि फुंकणी घेतली. धूर झाला होता, म्हणजे रडलं तरी कळणार नव्हतं.

"चैत्रातला अजून एक मंगळवार आहे, त्या दिवशी कृष्णाबाई भरेल," म्हातारी सांगत होती. "तिचा हात चांगला. आणि तिची स्मृती दिवसांची आहे, तिला तीर्थ द्यायचं. पोटातल्याला आसरांची दृष्ट नको लागायला. सोयरे, ऐकलंस? तू त्या दिवशी काठावर येऊ नको."

कृष्णाबाईची सून स्मृती. कोवळी पोर, पहिलंच बाळंतपण. कट्ट्यावर बसून लोकरीचे मोजे विणायची. सोयरा झाडायला गेली की पाय वर घेऊन म्हणायची, "अक्का, तुम्हीच एक जण माझ्याशी बोलता." उन्हाळ्यानं तिचे पाय सुजले होते.

सोयरानं कृष्णाबाईला आडून सांगून बघितलं. "तीर्थ नुसतं डोळ्याला लावा हं. दिवसांची आहे ती."

कृष्णाबाई फणकारली. "तुझा हात वाईट म्हणून आसराच वाईट का? राहू दे. आम्हाला नको शिकवू." आणि वर हेही म्हणाली, "जळतेस तू."

मंगळवारी सकाळी सोयरा जाळीपाशी होती. डब्यात घाण भरत होती. वर कट्ट्यावर बांगड्यांचा आवाज आला, उदबत्तीचा धूर दिसला. नीलिमा मॅडम या वेळी जीन्सवर, घाईत होत्या, ऑफिसला जाता जाता थांबलेल्या. सकवारबाईला खुर्चीवर बसवून आणली होती. सोयरानं बघायचं नाही असं ठरवलं होतं. जाळीत एक फडका अडकला होता तो ओढत बसली. निघेना.

वरून म्हातारीचा आवाज आला. "पालथी कर. हं. आता बुडव. ये गे स्मृती, बस अशी. ओंजळ धर."

सोयराच्या हातातलं दाताळं खाली पडलं. ती टाकीच्या शिडीवरून वर आली, तशीच, बुटांनिशी, मोजे काळे, डोक्याला चिखल. बायका किंचाळून बाजूला झाल्या. स्मृतीच्या ओंजळीत पाणी होतं, ओंजळ ओठांशी गेली होती.

"पिऊ नको!" सोयरा ओरडली. "टाक ते! टाक आधी!"

स्मृती दचकली. पाणी मांडीवर सांडलं.

"लाज नाही तुला?" कृष्णाबाई अंगावर आली. "असल्या अंगानं देवीपुढं आलीस?"

"देवी कसली? आपल्या संडासाचं पाणी आहे ते! तुझ्या, माझ्या, ह्यांच्या. टाकीत पडतं, खडीतून येतं, इथं साठतं. झाडांना घालायचं असतं ते. प्यायचं नसतं. आत्याबाईंना त्यानंच बाधलं. माझ्या हातानं नव्हे. पाण्यानं."

इमारतीच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी संडासाची साखळी ओढली असावी, कारण कट्ट्याखालच्या नळातून घळाघळा काहीतरी गेलं आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

सकवारबाई खुर्चीत बसल्या बसल्या नीलिमा मॅडमकडं वळली. आवाज अगदी मऊ होता. "तुम्ही पिता ना, मॅडम? ही म्हणाली होती."

"मी?" नीलिमा मॅडमचा चेहरा उतरला. "नाही हो, आजी. मी कशी पिईन? इट्स... म्हणजे पाटी लावलीय ना आपण." त्यांनी पाटीकडं हात केला. वाळलेलं झेंडूचं तोरण अजून तिच्यावर लोंबत होतं. मॅडमनी ते ओढून काढलं आणि कुठं टाकावं ते न कळून हातातच धरून ठेवलं. "सोयराताई, तुम्ही असं सांगितलंत यांना?"

"सांगितलं," सोयरा म्हणाली.

कृष्णाबाईनं कळशी तिथंच उपडी टाकली आणि सुनेला दंडाला धरून ओढत नेलं. बाकीच्या तिच्या मागं गेल्या. जाताना एकीनं लुगड्याच्या निऱ्या वर उचलून धरल्या, कट्ट्यावरची ओल लागू नये म्हणून. इतके दिवस त्याच ओलीवर बसून शेंगा सोलल्या होत्या.

त्यानंतर गल्लीतलं कुणी कट्ट्यावर फिरकलं नाही. पोरं घसरगुंडीकडं गेली की आया धपाटे घालून माघारी न्यायच्या. असोसिएशननं कुंट्याला तारेची जाळी मारायचं ठरवलं, कुणी पुन्हा पिऊ नये म्हणून. सोयराचं काम मात्र गेलं नाही. नीलिमा मॅडम म्हणाल्या, "चूक झाली, पण शेवटी तुम्हीच वाचवलंत." आणि खरं तर त्या कामाला दुसरं कुणी मिळतही नव्हतं. जाळी मारायच्या आधी मॅडमनी विचारलं, दगड बाहेर घेऊ का, कुठं ठेवू? सोयरा म्हणाली, घरी विचारून सांगते.

घरी सकवारबाई त्या दिवसापासून कुणाशी बोलत नव्हती. सोयरा तिच्या खाटेपाशी खाली बसली.

"आत्याबाई, दगडांचं काय करायचं विचारतायत."

म्हातारी छताकडं बघत होती. तशीच म्हणाली, "पहिल्या ओंजळीलाच वास आला होता मला."

सोयराला आधी कळलंच नाही.

"तुझं नाक मेलंय. माझं नाही. ओंजळ तोंडाशी आली तेव्हाच कळलं."

"मग प्यालात कशाला?" सोयराचा आवाज फुटला. "थुंकायचं होतं! मारायचं होतं मला!"

"सगळी गल्ली बघत होती. पहिल्यांदा कळशी भरलीस. थुंकले असते तर तुझं काय राहिलं असतं?" म्हातारी दमली. श्वास घेतला. "म्हटलं, घरी येऊन सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, तेव्हाही नाही सांगितलंस. टँकरचं म्हणालीस. मग मला राग आला, मी तुझ्या हाताला नाव ठेवलं. म्हटलं, आता तरी चिडेल, बोलेल. तू चुलीपाशी बसून राहिलीस."

"पण स्मृतीला द्यायला निघाला होतात तुम्ही—"

"ओठाला लागायच्या आधी मी डोळ्याला लाव म्हणणार होते." तिनं पांघरूण वर ओढलं. "म्हटलं असतं की नाही, आता कुणी सांगावं."

बाहेर सयाजी खाटेवर उठून बसला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तो आत आला नाही.

"मला एकटीला सांगायचंस गे," म्हातारी म्हणाली. "मी पाणी बदललं असतं. मी कृष्णाला आवरलं असतं. सासू-सुनेत राहिलं असतं ते. माझ्या पोरी इतकी वर्षं गाळात होत्या, तरी कुणी त्यांना संडासाच्या म्हटलं नव्हतं. तू म्हणालीस. सगळ्यांपुढं म्हणालीस."

सोयरानं तिचे पाय धरले. म्हातारीनं पाय ओढून घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही.

"दगड कुठं ठेवू, आत्याबाई?"

"कुठंही ठेव. दगडच आहेत आता."

सोयरा उठली. कामाची वेळ झाली होती. तिनं बूट घातले आणि जाळी मारणाऱ्या माणसांना सांगायला गेली, की दगड राहू द्या आतच, आमच्या घरी नकोत म्हटलंय.